रात्री सव्वासातनंतर कॅमेरे आळीपाळीने बंद पडतात: पीओई स्विच, वॅटचं गणित आणि वायर

मधुमालती | रविवार, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. मी डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीची सचिव आहे. तीन विंग, चौऱ्याऐंशी घरं. मागच्या दिवाळीत आम्ही वर्गणी काढून नवे कॅमेरे बसवले: १२ साधे बुलेट कॅमेरे, गेटवर एक फिरणारा पीटीझेड कॅमेरा, आणि क्लब हाऊस व ऑफिससाठी दोन वायफाय अ‍ॅक्सेस पॉइंट. हे सगळं मीटर रूमशेजारच्या कपाटातल्या एका १६ पोर्टच्या मॅनेज्ड (वेब पानावरून सेटिंग बघता-बदलता येणाऱ्या) पीओई स्विचवर आहे. म्हणजे इथरनेटच्या एकाच वायरीतून डेटाही जातो आणि वीजही. कॅमेऱ्यापाशी वेगळा प्लग कुठेच नाही.

हिवाळ्यात एक-दोन वेळा कुरकूर झाली होती, पण एप्रिलमध्ये ऑफिसातला दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट लावल्यापासून रोजचंच झालं आहे. दिवसभर सगळं ठीक. संध्याकाळी सव्वासात-साडेसात झाले की पोर्ट १४ आणि १५ वरचे कॅमेरे (सी विंगचं पार्किंग आणि पाण्याची टाकी) आळीपाळीने बंद-चालू होत राहतात. एक येतो, मिनिटभर चित्र दिसतं, मग जातो. सकाळी सहाला आपोआप बरे होतात. गेटवरच्या फिरणाऱ्या कॅमेऱ्याचं दुखणं वेगळं आहे. तो रात्री स्थिर असला तर चालतो, वॉचमनकाकांनी फिरवला की बंद पडतो आणि दोन मिनिटांनी परत उठतो.

ठेकेदार आधी म्हणाला कॅमेऱ्यांचा लॉट खराब आहे. आता म्हणतो स्विच बदला, आणि मोठ्या स्विचचं कोटेशन पाठवलं आहे. पावसाळा दोन-तीन आठवड्यांवर आलाय. पार्किंगमधून मागच्या महिन्यात दोन सायकली गेल्या आणि नेमकं त्या रात्रीचं चित्रण नाही. लोकांचे पैसे आहेत, कारण कळल्याशिवाय पुन्हा खर्च करायचा नाही असं मी ठरवलंय. कुणी समजावून सांगेल का?

तारवाला | रविवार, रात्री ११:०५

ताई, तुम्ही वेळ टिपून ठेवलीत हे फार छान केलंत, कारण अर्धं उत्तर त्या वेळेतच आहे. मे महिन्यात सव्वासातला आपल्याकडे काय होतं? अंधार पडतो. अंधार पडला की प्रत्येक कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि त्याची विजेची भूक दुपटीवर जाते. सकाळी सहाला दिवे विझतात, भूक कमी होते, सगळे बरे होतात. लॉट खराब असता तर उजेड-अंधार बघून आजारी पडला नसता.

मी पिंपरी-चिंचवडमध्ये अठरा वर्षं केबलिंगची कामं करतोय. हा दोष मी इतक्या ठिकाणी पाहिलाय की साइटवर गेल्यावर पहिला प्रश्न हाच विचारतो: स्विचचं एकूण पीओई बजेट किती? खोक्यावर ठळक लिहिलेलं असतं "प्रत्येक पोर्टला ३० वॅट". १६ पोर्ट गुणिले ३० म्हणजे ४८० वॅट, असं गिऱ्हाईक समजतं. पण आतला पॉवर सप्लाय बहुतेक वेळा त्याच्या निम्म्याचाही नसतो. ३० ही एका पोर्टची कमाल मर्यादा. सगळ्यांना मिळून वाटायची वीज म्हणजे बजेट, आणि ते माहितीपत्रकात खाली बारीक अक्षरात असतं.

तुमचा स्विच मॅनेज्ड आहे, त्यामुळे अंदाज बांधायची गरज नाही. त्याच्या वेब पानावर लॉगिन करा, पीओईचं पान उघडा. एकूण बजेट, सध्याचा वापर आणि प्रत्येक पोर्टचे वॅट तिथे दिसतील. एकदा दुपारी आणि एकदा रात्री आठनंतर ते आकडे इथे टाका. पोर्टचा अग्रक्रम कसा लावलाय तेही बघा.

शिकाऊ_उमेदवार | सोमवार, सकाळी ७:४०

मी लातूरला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करतोय, तारवालाकाका, एक बाळबोध प्रश्न. पीओईत नेटवर्कच्या वायरीतून ५० व्होल्टच्या आसपास वीज जाते असं वाचलंय, मग त्याच स्विचवर चुकून लॅपटॉप लावला तर तो जळत का नाही?

तारवाला | सोमवार, सकाळी ९:१५

प्रश्न बाळबोध नाही, मुद्द्याचा आहे. स्विच आधी विचारतो, मग देतो. पोर्टला वायर लागली की तो पूर्ण दाब सोडत नाही. २.८ ते १० व्होल्टच्या मधला हलका दाब लावून किती प्रवाह वाहतो ते बघतो. पीओई उपकरणाच्या आत साधारण २५ किलोओहमचा रोध मुद्दाम ठेवलेला असतो. तो सापडला तरच स्विच समजतो की पलीकडचं यंत्र वीज घेणारं आहे. लॅपटॉपच्या पोर्टमध्ये ही ओळख नसते, म्हणून त्याला फक्त डेटा मिळतो, वीज नाही.

ओळख पटली की दुसरी पायरी वर्गवारीची. १५.५ ते २०.५ व्होल्ट लावून तो उपकरणाचा वर्ग विचारतो. पहिला वर्ग म्हणजे पोर्टला ४ वॅट राखायचे, दुसऱ्याला ७, तिसऱ्याला १५.४, चौथ्याला ३०. मग खरा दाब. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आधी आटोपतं.

हे नियम आयईईई या मानकं ठरवणाऱ्या अभियंत्यांच्या संस्थेचे. २००३ मध्ये ८०२.३एएफ आलं, पोर्टला १५.४ वॅट. २००९ मध्ये ८०२.३एटी, ३० वॅट. २०१८ मध्ये ८०२.३बीटी, त्यात आठही तारा वापरून ६० आणि ९० वॅटपर्यंत मजल गेली. एक इशारा मात्र लक्षात ठेव. बाजारात "पॅसिव्ह पीओई"चे स्वस्त इंजेक्टर (नेटवर्कच्या वायरीत बाहेरून वीज घालणारे छोटे डबे) मिळतात, २४ किंवा ४८ व्होल्टचे. ते काहीही न विचारता थेट दाब सोडतात. त्यांच्यावर भलतं यंत्र लावलं तर ते जळू शकतं. मी माझ्या पोरांना सांगून ठेवलंय, असा इंजेक्टर हाती आला की त्यावर आधी लाल टेप गुंडाळा.

मधुमालती | सोमवार, रात्री ९:५०

आकडे घेतले. लॉगिन शोधायलाच तास गेला, ठेकेदाराने पासवर्ड बदललाच नव्हता, खोक्यावरचाच चालला.

बजेट १५० वॅट. दुपारी तीनला एकूण वापर ८८: प्रत्येक बुलेट कॅमेरा ४.५, पीटीझेड १२, अ‍ॅक्सेस पॉइंट प्रत्येकी ११. रात्री आठला प्रत्येक चालू बुलेट ९.५, पीटीझेड २७, अ‍ॅक्सेस पॉइंट तेच. एकूण आकडा १४४ ते १५३ असा वरखाली नाचतोय. अग्रक्रम सगळ्या पोर्टना "कमी" असा एकच आहे. नोंदवहीच्या पानावर "बजेट ओलांडलं, पोर्ट १५ बंद" अशा ओळीच ओळी आहेत. गेल्या महिनाभर रोज रात्री स्विच हे लिहून ठेवत होता आणि आमच्यापैकी कुणी ते पान उघडलंच नव्हतं. मन खट्टू झालं.

तारवाला | सोमवार, रात्री १०:३०

आता बघा काय होतंय ते. १२ बुलेट गुणिले ९.५ म्हणजे ११४. त्यात पीटीझेडचे २७ आणि अ‍ॅक्सेस पॉइंटचे २२. एकूण १६३, आणि बजेट १५०. स्विचला कुणाला तरी उपाशी ठेवावंच लागतं. सगळ्यांचा अग्रक्रम सारखा असला की बहुतेक स्विच मोठ्या क्रमांकाचा पोर्ट आधी तोडतात. १५ तोडला, १५३.५ उरले, अजूनही जास्त. १४ तोडला, १४४ वर आले. आता जागा झाली म्हणून एकाला परत वीज दिली. उठताना कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे बंद असतात, तो साडेचार वॅटच घेतो, म्हणजे १४८.५. बसलं! मिनिटभराने त्याने अंधार ओळखला, दिवे लावले, भूक ९.५ झाली, परत १५३.५. तोड पोर्ट. तुम्ही म्हणता ते "एक येतो, मिनिटभर दिसतो, जातो" ते हेच. दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट लावायच्या आधी हीच बेरीज १५२ होती, म्हणून तेव्हा फक्त कधीतरी कुरकूर व्हायची.

आणखी एक. तुमचा स्विच प्रत्यक्ष वापर मोजून बजेट धरतोय. काही स्विच वर्गावरून धरतात. तसा असता तर १२ बुलेट तिसऱ्या वर्गाचे धरून १८४.८, आणि बाकी तिघे चौथ्या वर्गाचे म्हणजे ९०, मिळून २७४.८ वॅट राखायला गेला असता आणि निम्मे कॅमेरे पहिल्या दिवशीच उठले नसते. ते एका परीने बरं झालं असतं, बसवणाऱ्यासमोरच भांडं फुटलं असतं.

आज रात्रीपुरतं एवढं करा: पार्किंग आणि गेटच्या पोर्टना सर्वांत वरचा अग्रक्रम द्या, अ‍ॅक्सेस पॉइंटना खालचा. वायफाय गेलं तर चालेल, पार्किंग दिसायला हवं. हा तात्पुरता उपाय आहे.

पण मला झोप येऊ देणार नाही असा आकडा वेगळाच आहे. पीटीझेडचे २७. त्याच्या माहितीपत्रकात दिवे लावलेले असताना किती लिहिलेत?

मधुमालती | सोमवार, रात्री १०:५५

दिवे लावून स्थिर असताना २२. फिरताना कमाल २५. गेटपर्यंतची वायर ८२ मीटर आहे, बिलात तेवढीच लिहिली आहे.

तारवाला | सोमवार, रात्री ११:४०

म्हणजे ५ वॅट वाटेत मुरतायत. ८२ मीटरला हे फार झालं. जरा आकडेमोड करतो, शिकाऊ उमेदवारालाही उपयोगी पडेल.

चांगल्या तांब्याच्या कॅट फाइव्ह ई किंवा कॅट सिक्स (नेटवर्क वायरीचे नेहमीचे प्रकार) वायरीला एवढ्या अंतरावर जाऊन-येऊन सात-आठ ओहम रोध असायला हवा. स्विच ५४ व्होल्ट देतो असं धरलं, तर कॅमेऱ्याला २२ वॅट पोचवायला पोर्टवरून साडेतेवीस निघायला पाहिजेत. तुमच्याकडे २७ निघतात. म्हणजे प्रवाह २७ भागिले ५४, अर्धा अँपिअर. अर्ध्या अँपिअरला ५ वॅट जळायचे तर रोध २० ओहम हवा. कॅमेऱ्यापाशी दाब उरतो ४४ व्होल्ट. ३० वॅटच्या पोर्टच्या नियमात उपकरणापाशी किमान ४२.५ अपेक्षित आहेत. काठावर उभा आहे बिचारा.

आता वॉचमनकाकांनी कॅमेरा फिरवला. भूक २५ झाली. २० ओहमच्या वायरीतून २५ वॅट पोचवायचे तर प्रवाह ०.५९ अँपिअरवर जातो, दाब ४२ वर येतो, आणि पोर्टवरून ३२ वॅट निघायला लागतात. पोर्टची मर्यादा ३०. पोर्ट बंद. त्याचं "वेगळं दुखणं" ते हे.

उद्या उजेडात गेटवरची जोडणी उघडा आणि वायरीचा एक तुकडा कापून ब्लेडने खरवडा. आतून काय रंग निघतो ते सांगा. पण वायर उपटायच्या आधी स्विचच्या पानावरून त्या पोर्टची वीज बंद करा. चालू प्रवाहात कनेक्टर ओढला की बारीक ठिणगी पडते आणि पिना काळवंडतात.

दर्यावर्दी | मंगळवार, सकाळी ८:१०

रत्नागिरीहून बोलतोय. ताई, तुमची गेटची केबिन मुख्य इमारतीपासून वेगळी आहे ना? आणि ८२ मीटर तांब्याची वायर उघड्यावरून किंवा जमिनीखालून जातेय? मग वॅटच्या आधी विजेचा विचार करा. ढगातल्या विजेचा.

आमच्या नातेवाइकांच्या आंबा प्रक्रिया केंद्रात असंच होतं. ऑफिसमध्ये स्विच, साठ-सत्तर मीटरवर गोदामात कॅमेरे, मधे तांब्याची वायर. मे संपता संपता वळीव आला. वीज आवारात पडलीसुद्धा नाही, पलीकडच्या माळावर पडली. तरी गोदामाकडच्या चार वायरी ज्या पोर्टना होत्या ते चारही पोर्ट मेले, रेकॉर्डरचा नेटवर्क पोर्ट मेला आणि दोन कॅमेरे गेले. दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं असतं. जवळपास वीज पडली की दोन्हीकडच्या जमिनीच्या दाबात क्षणभर प्रचंड फरक पडतो आणि तो वाट काढतो तुमच्या वायरीतून.

त्यानंतर आम्ही एका इमारतीतून दुसरीत फक्त फायबर नेतो. काचेच्या धाग्यातून वीज वाहत नाही, विषय संपला. मात्र आत लोखंडी किंवा स्टीलची तार नसलेली फायबर मागा, नाहीतर ती तारच वीज वाहून आणेल. पलीकडे एक मीडिया कन्व्हर्टर (फायबरचा डेटा तांब्याच्या वायरीवर आणणारा डबा), एक प्रमाणित ३० वॅटचा इंजेक्टर आणि छोटा यूपीएस. गेटच्या केबिनमध्ये वॉचमनचा पंखा-दिवा असतोच, म्हणजे वीज आहे.

तारवाला | मंगळवार, सकाळी ८:५०

दर्यावर्दींना शंभर टक्के अनुमोदन. कोकणातल्या माणसाचं विजेबाबत ऐकावं. शिवाय यात ताईंच्या बजेटचं कोडंही सुटतंय, सांगतो नंतर.

कडेपठार | मंगळवार, दुपारी १:२५

मी नाशिकला एका पतसंस्थेच्या आयटी विभागात आहे. धागा वाचताना "पासवर्ड बदललाच नव्हता" इथे थबकलो. वॅटच्या चर्चेत हे मागे पडायला नको.

गेटवरचा कॅमेरा भिंतीवर आहे, म्हणजे सोसायटीच्या नेटवर्कची एक वायर रस्त्याच्या बाजूला लोंबते आहे. कुणी कॅमेऱ्याची वायर काढून लॅपटॉपला लावली तर तो थेट तुमच्या आतल्या नेटवर्कवर येतो. तिथून स्विचच्या पानावर, खोक्यावरचा पासवर्ड टाकून आत. मग एका क्लिकने सगळ्या पोर्टची वीज बंद, तेराही कॅमेरे एकदम आंधळे. मॅनेज्ड स्विचची ही ताकद दोन्ही बाजूंनी चालते.

म्हणून आज पासवर्ड बदला. कॅमेऱ्यांना वेगळ्या व्हीलॅनमध्ये (त्याच स्विचवरच्या स्वतंत्र आभासी नेटवर्कमध्ये) टाका, त्या व्हीलॅनमधून फक्त रेकॉर्डर दिसेल, इंटरनेट नाही, ऑफिसचा संगणक नाही, स्विचचं पान तर नाहीच. बाहेरच्या पोर्टना मॅक पत्त्याने (प्रत्येक यंत्राच्या नेटवर्क क्रमांकाने) कुलूप लावा, म्हणजे ओळखीच्या कॅमेऱ्याशिवाय दुसरं काही लागलं की पोर्ट बंद. मॅक पत्ता नकली करता येतो, त्यामुळे हे कुलूप अभेद्य नाही, पण वाटसरू चोराला पुरेसं आहे. रिकामा सोळावा पोर्ट पूर्ण बंद करून ठेवा.

आणखी एक विचारतो: "कॅमेरा प्रतिसाद देत नसेल तर पोर्टची वीज बंद-चालू कर" अशी सोय चालू आहे का?

मधुमालती | मंगळवार, रात्री ८:३५

कडेपठार, हो, ती सोय सगळ्या पोर्टवर चालू आहे. ठेकेदाराने कौतुकाने दाखवली होती. पासवर्ड बदलून लखोट्यात घालून कपाटात ठेवला. व्हीलॅनसाठी कॉलनीतल्या एका मुलाला बोलावलंय, तो हे काम करतो.

आता गेटची गोष्ट. सकाळी साडेसहाला वॉचमनकाका शिडीवर, मी खाली. पोर्टची वीज आधी बंद केली. जंक्शन बॉक्स उघडला तर तळाशी बोटभर पाणी, मागच्या आठवड्यातल्या एकाच सरीचं. वायर वरून सरळ खाली बॉक्समध्ये उतरवली आहे, त्यामुळे पाणी वायरीवरून ओघळत आत आलं. कनेक्टरच्या आठ पिनांपैकी चार हिरव्या पडल्यात, दोन तर टोकाला खाल्ल्या गेल्यात. वायरीचा वीतभर तुकडा कापून एक तार ब्लेडने खरवडली. वरून तांबूस, आतून पांढरी. आणि इतकी बारीक, की ऑफिसातल्या जुन्या वायरीच्या तारेशेजारी धरली तर डोळ्यांनी फरक दिसतो.

बिलावर "कॉपर केबल" लिहिलंय. मी तो तुकडा कागदावर चिकटवून बिलाच्या फाइलमध्ये लावला आहे.

तारवाला | मंगळवार, रात्री ९:२०

सीसीए. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. तांब्यापेक्षा रोध दीडपटीहून जास्त, त्यात तार बारीक, त्यात गंजलेल्या पिना. वीस ओहमचा हिशेब जुळला. कॅट फाइव्ह ई काय आणि कॅट सिक्स काय, या वायरींच्या मानकात तारा भरीव तांब्याच्याच हव्यात. अ‍ॅल्युमिनियमची तार मानकात बसत नाही, वेष्टनावर काहीही छापा. नुसत्या डेटाला ती कशीबशी खपून जाते, वीज लादली की उघडी पडते. शिवाय वाकवली की तुटते.

हिरव्या पिनांमागेही वायरीतली वीजच आहे: एकाच दिशेचा दाब आणि ओल एकत्र आली की पिना झपाट्याने झिजतात. नुसत्या डेटाच्या वायरीत पाणी गेलं तर महिने काढेल, पीओईच्या वायरीत एक पावसाळाही नाही. बॉक्समध्ये वायर खालच्या बाजूनेच शिरली पाहिजे, आणि शिरायच्या आधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळावरून टपकेल. बॉक्सच्या तळाला बारीक भोकही हवं.

बाकीच्या बारा वायरी कुठल्या, तेही बघा. पोर्टवर ९.५ दिसतात. कॅमेऱ्याच्या कागदावर किती?

मधुमालती | मंगळवार, रात्री ९:४५

दिवे लावून ९.२. दोन वायरी खरवडून बघितल्या, आतूनही तांबूस आहेत. बहुतेक इमारतीच्या आतली वायर चांगली वापरली आणि गेटची मात्र शेवटी उरलेली.

तारवाला | मंगळवार, रात्री १०:१०

मग मोठा स्विच घेऊ नका. खरंच नको.

गेटचा कॅमेरा दर्यावर्दी म्हणतात तसा फायबरवर न्या, त्याची वीज केबिनमधून. तुमच्या बजेटमधून २७ वॅट गेले. दोन अ‍ॅक्सेस पॉइंटना कपाटातच दोन प्रमाणित इंजेक्टर लावा, त्या पोर्टची पीओई बंद करून. आणखी २२ गेले. उरले १२ बुलेट, ११४ वॅट. १५० पैकी ११४ म्हणजे ७६ टक्के. मी नेहमी ८० टक्क्यांच्या आत ठेवतो, कारण कॅमेरे म्हातारे होतात, कपाट तापतं, आणि कुणीतरी एक दिवस सोळाव्या पोर्टवर इंटरकॉम लावायला येतंच.

इंजेक्टर घेताना त्यावर ८०२.३एटी लिहिलेलं आहे ना ते तपासा. अ‍ॅक्सेस पॉइंट ११ वॅटच घेतो म्हणून १५.४ वाला घेऊ नका. नव्या वायफायचे अनेक अ‍ॅक्सेस पॉइंट कमी वॅटच्या पोर्टवर चालतात, पण आतला एखादा रेडिओ बंद करून किंवा ताकद उतरवून. मग लोक म्हणतात रेंज येत नाही.

मस्कतकर | बुधवार, सकाळी १०:४०

ओमानमध्ये आहे, हॉटेलांच्या नेटवर्कचं काम. कपाटाच्या तापण्याबद्दल एक सांगतो. दिलेलं बजेट एका ठरावीक तापमानापर्यंतच खरं असतं, पुष्कळ स्विचचं ४० किंवा ५० अंश. मीटर रूमशेजारचं बंद लोखंडी कपाट मे महिन्यात किती तापतं ते एकदा थर्मामीटर ठेवून बघा. आम्ही दार जाळीचं केलं आणि स्विचच्या वर-खाली एकेक खण मोकळा सोडला, पंख्याचा आवाजच उतरला.

कडेपठार | बुधवार, दुपारी १२:५५

ताई, ती आपोआप वीज बंद-चालू करणारी सोय उपयोगी आहे, पण एक पथ्य पाळा. कॅमेऱ्याचं फर्मवेअर (आतला कायमचा प्रोग्रॅम) अद्ययावत करताना ती आधी बंद करा. फर्मवेअर लिहिलं जात असताना कॅमेरा काही मिनिटं गप्प असतो. स्विचला वाटतं हा मेला, तो वीज तोडतो, आणि मग कॅमेरा खरंच मरतो. आमच्या एका शाखेत असे दोन कॅमेरे गेले, पुन्हा उठलेच नाहीत. गप्प बसल्यावर थांबायची मुदतही निदान पाच मिनिटं ठेवा.

दुसरं, नोंदवहीतल्या ओळी कुणी वाचत नाही हे सगळीकडचं दुखणं आहे. बजेट ८० टक्क्यांवर गेलं की ईमेल पाठव, असा इशारा बहुतेक मॅनेज्ड स्विचमध्ये लावता येतो. नाहीतर एसएनएमपीने (नेटवर्कच्या यंत्रांचे आकडे दुरून वाचायच्या पद्धतीने) वाचता येतं, पीओईच्या आकड्यांसाठी प्रमाणित तक्ता २००३ पासून आहे. तुमच्या सोसायटीला ईमेल पुरे.

शिकाऊ_उमेदवार | बुधवार, संध्याकाळी ६:२०

आज कॉलेजच्या प्रयोगशाळेत सरांना विचारून आमच्या स्विचचं पीओई पान उघडलं. आयपी फोन लावला, दुसरा वर्ग दिसला, ३ वॅटच्या आसपास. लॅपटॉप लावला, "उपकरण सापडलं नाही". मग ब्रेडबोर्डवर २५ किलोओहमचा रोध फोनच्याच दोन जोड्यांच्या जागी लावून बघावा म्हणतोय. स्विच फसेल का?

तारवाला | बुधवार, रात्री ८:००

ओळखीच्या पायरीवर फसेल, पोर्टला वीजही सोडेल. पण पुढे उपकरण ठरावीक किमान प्रवाह सतत ओढतंय का यावर स्विचचं लक्ष असतं. दोन-अडीच मिलिअँपिअर ओढणारा रोध त्याला पुरणार नाही आणि अर्ध्या सेकंदाच्या आत तो वीज काढून घेईल. वायर उपटली की पोर्ट मृत होतो तो याच नियमाने. ५४ व्होल्टचा खेळ आहे, वीज असताना रोधाला हात लावू नकोस, आणि सरांना शेजारी उभं कर.

मधुमालती | पुढचा रविवार, रात्री ९:१०

काम झालं. तपशील लिहिते, कुणाला पुढे लागेल.

गेटपर्यंत धातूची तार नसलेली फायबर टाकली, जमिनीखाली पाइपातून. केबिनमध्ये मीडिया कन्व्हर्टर, ३० वॅटचा इंजेक्टर, ६०० व्हीएचा यूपीएस. कॅमेऱ्यापर्यंतचे शेवटचे ६ मीटर नवी तांब्याची वायर, दुकानातच खरवडून बघून घेतली. जंक्शन बॉक्समध्ये वायर खालून नेली, झोळ दिला. अ‍ॅक्सेस पॉइंट दोन इंजेक्टरवर. कपाटाचं दार जाळीचं करायला दिलंय. एकूण खर्च ठेकेदाराच्या कोटेशनच्या साधारण एक तृतीयांश झाला. कापलेला तुकडा आणि बिल समितीसमोर ठेवल्यावर गेटच्या वायरीचे पैसे परत द्यायला तो कबूल झाला आहे.

वीज गेल्यावर मुख्य स्विच किती वेळ टिकतो तेही तपासलं. यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची एकच बॅटरी निघाली, कागदावर ८४ वॅट-तास. स्विचचे स्वतःचे धरून रात्रीचा भार १३० वॅटच्या घरात. जेमतेम वीस मिनिटं चालला. पुढच्या महिन्याच्या सभेत मोठ्या बॅटरीचा विषय ठेवतेय. दर्यावर्दी, तुमच्याकडे किती क्षमतेची लावली आहे?

आत्ता नऊ वाजलेत, बाहेर पाऊस आहे. पीओईच्या पानावर ११४ वॅट, बारा पोर्ट हिरवे. सव्वासातपासून नोंदवहीत एकही ओळ नाही. वॉचमनकाकांनी मघाशी गेटचा कॅमेरा या टोकापासून त्या टोकापर्यंत चार वेळा फिरवला, चित्र हललं नाही, आणि भर पावसात बाहेर उभ्या असलेल्या टेम्पोचा नंबर त्यांनी मला फोनवर वाचून दाखवला.

दर्यावर्दी | पुढचा रविवार, रात्री ९:३०

अभिनंदन ताई! आमच्याकडे १२ व्होल्ट २६ अँपिअर-तासाच्या दोन, भार ९० वॅट. तीन-चार तास निघतात आणि इथे पावसाळ्यात तेवढे लागतातच. बॅटरी घ्याल तेव्हा यूपीएसचा चार्जर तेवढ्या बॅटरीला पुरतो का ते आधी विचारा, छोट्या यूपीएसला मोठी बॅटरी जोडली तर ती कधीच पूर्ण भरत नाही.